अमेरिकेतलं एचएसए खातं: प्लॅन निवडण्यापासून भारतात परत जाईपर्यंत

नोव्हेंबर लागला की मला फोन यायला लागतात. कंपनीचं ओपन एनरोलमेंट (पुढच्या वर्षाचा आरोग्य विमा निवडायची मुदत) सुरू झालेलं असतं, समोर दोन-तीन प्लॅनचा तक्ता असतो आणि शुक्रवार ही शेवटची तारीख असते. "दादा, तो स्वस्तवाला घेऊ का? पण त्याचं डिडक्टिबल केवढं मोठं आहे!" नवीन आलेली मुलं तर फोनवर वैतागलेलीच असतात. पुण्यात किंवा नाशिकमध्ये फॅमिली डॉक्टरकडे जाऊन पाचशे रुपये देऊन परत आलेल्या माणसाला डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम), कोइन्शुरन्स (त्यानंतरच्या बिलांतला आपला टक्का), आउट-ऑफ-पॉकेट मॅक्स (वर्षभरात आपल्या खिशातून जाणारी कमाल रक्कम) या भानगडी पहिल्याच आठवड्यात कळाव्यात, ही अपेक्षाच चुकीची आहे. गेली काही वर्षं जे फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगत आलो, ते इथे एकदाच सविस्तर लिहितो. आकडे २०२६ सालचे आहेत. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं आयकर खातं, पुढच्या वर्षाचे आकडे साधारण मे महिन्यात जाहीर करतं, ते दर वर्षी तपासून घ्या.

आधी हे खातं काय आहे ते

एचएसए म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट. डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीने मेडिकेअरचा (६५ वर्षांवरच्यांच्या सरकारी विम्याचा) जो मोठा कायदा झाला, त्यात याची तरतूद आहे. १ जानेवारी २००४ पासून ही खाती सुरू झाली. कल्पना सोपी आहे. मोठ्या डिडक्टिबलचा विमा घ्या, म्हणजे हप्ता कमी बसेल. वरचा छोटा-मध्यम खर्च स्वतःच्या खात्यातून करा, आणि त्या खात्यावर सरकार कर लावणार नाही.

कर तीन ठिकाणी वाचतो. पैसे घालताना आयकर नाही, आत वाढतात त्यावर कर नाही, आणि औषधोपचारासाठी काढले तर काढतानाही नाही. ४०१के किंवा आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यांमध्ये कुठल्या तरी एका टोकाला कर भरावाच लागतो. इथे दोन्ही टोकं मोकळी आहेत. शिवाय पैसे पगारातून परस्पर कापले गेले, तर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअरच्या करांचे मिळून ७.६५ टक्केही वाचतात. पगार सोशल सिक्युरिटीच्या वार्षिक मर्यादेच्या वर असेल तर त्यातले फक्त १.४५ टक्के. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर ओपीटी, म्हणजे शिक्षणाला जोडून नोकरी, करणाऱ्या मुलांच्या पगारातून पहिली पाच वर्षं हा कर सहसा कापलाच जात नाही, त्यामुळे त्यांना हा भाग लागू नाही. आयकराचा फायदा मात्र त्यांनाही आहे.

न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातल्यांनी एक लक्षात ठेवा. ही दोन राज्यं एचएसए मानत नाहीत. म्हणजे फेडरल कर वाचतो, पण राज्याच्या रिटर्नमध्ये घातलेले पैसे उत्पन्नच धरले जातात आणि आतल्या व्याज-लाभांशावरही राज्य दर वर्षी कर घेतं. एडिसन आणि बे एरिया, म्हणजे आपली माणसं जिथे सर्वात जास्त, नेमकी तीच दोन राज्यं. तरीही खातं फायद्याचंच राहतं. मी स्वतः न्यू जर्सीत राहून ते दर वर्षी भरतो.

पायरी १: तुम्ही पात्र आहात का

नुसतं डिडक्टिबल मोठं असून भागत नाही. प्लॅनच्या कागदावर "एचएसए-एलिजिबल" किंवा "एचएसए-क्वालिफाइड" असं लिहिलेलं हवं. २०२६ साठी नियम असा की एकट्याच्या प्लॅनचं डिडक्टिबल किमान १,७०० डॉलर आणि कुटुंबाच्या प्लॅनचं किमान ३,४०० डॉलर हवं. वर्षभरात तुमच्या खिशातून जाणारी कमाल रक्कम एकट्याला ८,५०० आणि कुटुंबाला १७,००० डॉलरच्या वर नको. स्वतःचा धंदा असलेल्यांसाठी एक चांगला बदल झाला आहे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यामुळे विम्याच्या सरकारी मार्केटप्लेसवरचे ब्राँझ आणि कॅटॅस्ट्रॉफिक प्लॅन १ जानेवारी २०२६ पासून एचएसएसाठी पात्र धरले जातात.

आता अडचणीच्या जागा. तुमच्यावर दुसरा साधा विमा नको. मेडिकेअर सुरू झालेलं नको. दुसऱ्या कोणाच्या टॅक्स रिटर्नवर तुम्ही डिपेंडंट (अवलंबून असलेली व्यक्ती) नको. आणि सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते म्हणजे जोडीदाराचं एफएसए, म्हणजे कंपनीतून मिळणारं औषधोपचाराच्या खर्चाचं दुसरं करमुक्त खातं. बायकोने तिच्या कंपनीत साधं मेडिकल एफएसए घेतलं असेल, तर त्यातून तुमचाही खर्च करता येतो. म्हणून कायद्याच्या नजरेत तुम्हाला दुसरं संरक्षण आहे, आणि तुमचं एचएसए भरणं त्या वर्षी बेकायदा ठरतं. फक्त दात आणि डोळ्यांपुरतं असलेलं लिमिटेड पर्पज एफएसए चालतं. एनरोलमेंटच्या वेळी नवरा-बायकोने दोन्ही कंपन्यांचे कागद एकाच टेबलावर घेऊन बसा. वेगवेगळ्या खोल्यांत बसून बटणं दाबली की हा घोळ हमखास होतो.

पायरी २: हिशोब मांडा, डिडक्टिबलच्या आकड्याला घाबरू नका

हा भाग सावकाश वाचा. एक उदाहरण घेऊ, तिघांच्या कुटुंबाचं. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या कंपनीचे घाला.

समजा पीपीओचा, म्हणजे छोट्या डिडक्टिबलच्या नेहमीच्या प्लॅनचा, हप्ता महिन्याला ५२० डॉलर, म्हणजे वर्षाला ६,२४०. डिडक्टिबल १,५००, त्यानंतर २० टक्के आपले, कमाल मर्यादा ८,०००. दुसरीकडे एचएसएवाल्या प्लॅनचा हप्ता महिन्याला २६०, वर्षाला ३,१२०. डिडक्टिबल ४,०००, त्यानंतर तेच २० टक्के, कमाल मर्यादा ९,०००. आणि कंपनी खात्यात १,५०० डॉलर स्वतःहून घालते.

वर्ष निरोगी गेलं, खर्च शून्य: पीपीओत ६,२४० गेले. दुसऱ्यात ३,१२० गेले आणि १,५०० मिळाले, म्हणजे निव्वळ १,६२०.

मधलं वर्ष, ६,००० डॉलरची बिलं: पीपीओत १,५०० अधिक उरलेल्या ४,५०० चे २० टक्के, म्हणजे २,४००. हप्ता धरून ८,६४०. दुसऱ्यात ४,००० अधिक ४००, म्हणजे ४,४००. त्यात हप्ता मिळवून आणि कंपनीचे पैसे वजा करून ६,०२०.

वाईट वर्ष, मोठं ऑपरेशन: पीपीओत ६,२४० अधिक ८,००० म्हणजे १४,२४०. दुसऱ्यात ३,१२० अधिक ९,००० वजा १,५०० म्हणजे १०,६२०.

तिन्ही वर्षांत मोठ्या डिडक्टिबलचा प्लॅन स्वस्त पडला, आणि यात अजून कर धरलेलाच नाही. पण नेहमी असं होत नाही. याच उदाहरणात दोन हप्त्यांमधला फरक महिन्याला फक्त ८० डॉलर असेल आणि कंपनी काहीच घालत नसेल, तर मधल्या वर्षी एचएसएचा प्लॅन १,०४० डॉलरने महाग पडतो. कर वाचवून ती खोट भरून निघू शकते, पण खात्यात खरोखर पैसे घातले तरच. नुसता प्लॅन घेऊन खातं रिकामं ठेवणारे पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना मी स्पष्ट सांगतो, त्यापेक्षा पीपीओ घ्या.

आणखी कोणी पीपीओच घ्यावा? दर महिन्याला महागडं इंजेक्शन चालू आहे आणि ज्यांच्याकडे जानेवारीत चार हजार डॉलर एकदम द्यायला नाहीत, त्यांनी. कारण पीपीओसोबत घेता येणाऱ्या एफएसएमध्ये वर्षाची सगळी रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. एचएसएमध्ये मात्र जेवढे जमा झालेत तेवढेच मिळतात.

हे मी पोटतिडकीने का सांगतो, त्याला कारण आहे. आमचं अमेरिकेतलं दुसरं वर्ष. हप्ता कमी म्हणून मोठ्या डिडक्टिबलचा प्लॅन घेतला होता आणि खात्यात जेमतेम दोनशे डॉलर होते. शुक्रवारी रात्री बायकोच्या पोटात दुखायला लागलं. मी म्हणालो, सोमवारी डॉक्टरकडे जाऊ, आता इमर्जन्सीत गेलो तर सगळं खिशातून जाईल. तिनेही दुखणं अंगावर काढलं. रविवारी पहाटे तिला उभं राहता येईना तेव्हा नेलं, तोवर अपेंडिक्स फुटलं होतं. सहा दिवस रुग्णालयात काढले. बिल कमाल मर्यादेपर्यंत गेलंच, पण मला आजही डाचतं ते बिल नव्हे. शुक्रवारी रात्री तो निर्णय मी आकड्याकडे बघून घेतला होता, हे डाचतं. त्या वर्षापासून आमच्या घरात नियम आहे: खात्यात निदान एका वर्षाच्या डिडक्टिबलएवढी रोख कायम पडून राहिली पाहिजे. ती असली की रात्री अकरा वाजता पैशांचा विचार मनात येत नाही.

पायरी ३: खातं उघडा आणि भरा

कंपनीतून प्लॅन घेतलात तर खातं बहुधा कंपनीने ठरवलेल्या ठिकाणीच उघडलं जातं: हेल्थइक्विटी, ऑप्टम बँक, एचएसए बँक, फिडेलिटी वगैरे. पगारातून कापून घ्यायचं ते तिथेच घ्या, कारण ७.६५ टक्के वाचतात ते फक्त पेरोलमधून गेलेल्या पैशांवर. स्वतः चेकने भरलेत तर आयकर वाचतो, हे टक्के वाचत नाहीत. तिथली फी किंवा गुंतवणुकीचे पर्याय आवडले नाहीत, तर जमलेले पैसे अधूनमधून दुसरीकडे हलवता येतात. मात्र ट्रस्टी-टू-ट्रस्टी (एका कंपनीकडून दुसरीकडे परस्पर) ट्रान्सफरच मागा. स्वतःच्या हातात चेक घेऊन हलवायचे तर ६० दिवसांची मुदत असते आणि बारा महिन्यांत एकदाच करता येतं.

२०२६ ची मर्यादा एकट्याच्या प्लॅनवर ४,४०० आणि कुटुंबाच्या प्लॅनवर ८,७५० डॉलर. कंपनीने घातलेले पैसे याच मर्यादेत धरायचे. वरच्या उदाहरणात कंपनीचे १,५०० वजा जाता तुमचे ७,२५०. तुम्ही २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर आयकर आणि ७.६५ टक्के मिळून त्यावर सुमारे २,१५० डॉलर वाचले. वय ५५ झालं की आणखी १,००० घालता येतात. खातं जॉइंट नसतं, म्हणून नवरा-बायको दोघंही पंचावन्नच्या पुढे असतील तर तिच्या वाढीव हजारासाठी तिचं वेगळं खातं उघडावं लागतं.

वर्षाच्या मध्ये नोकरी लागली तर महिन्यांच्या हिशोबाने मर्यादा धरा. १ डिसेंबरला पात्र असलात तर पूर्ण वर्षाचे भरायची एक सवलत आहे, पण मग पुढच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत पात्र राहावं लागतं. मधेच नोकरी बदलून दुसरा प्लॅन घेतला तर जास्तीचे पैसे उत्पन्नात येतात आणि वर १० टक्के दंड. एच-वन-बीवर नोकऱ्या कशा बदलतात ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून मी ही सवलत सहसा घ्यायला सांगत नाही. मर्यादेपेक्षा जास्त भरले गेले तर टॅक्स रिटर्नच्या मुदतीआधी जास्तीचे पैसे परत मागून घ्या, नाहीतर ते आत असेपर्यंत दर वर्षी ६ टक्के कर लागतो. त्या वर्षाचे पैसे भरायची शेवटची तारीख पुढच्या वर्षीची १५ एप्रिल.

पायरी ४: कशावर खर्च करता येतो

डॉक्टर, रुग्णालय, तपासण्या, औषधं, दात, चष्मा, लॅसिक, मुलांच्या ब्रेसेस, श्रवणयंत्र, कायरोप्रॅक्टर, अॅक्युपंक्चर, सगळं चालतं. २०२० च्या केअर्स कायद्यापासून प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणारी तापा-सर्दीची औषधं आणि सॅनिटरी पॅडही चालतात. जिमची फी, दात पांढरे करणं, सौंदर्यासाठीचे उपचार चालत नाहीत. सर्वसाधारण तब्येतीसाठीच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि च्यवनप्राशही नाहीत. विम्याचे हप्ते सहसा चालत नाहीत. अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे नोकरी गेल्यावरचा कोब्राचा (कंपनीचाच विमा स्वतः पैसे भरून चालू ठेवण्याचा) हप्ता. तो एचएसएतून भरता येतो.

खर्च स्वतःचा, जोडीदाराचा आणि टॅक्स रिटर्नवरच्या डिपेंडंटचा चालतो, ते तुमच्या विम्यावर नसले तरी. आई-बाबांबद्दल मात्र फार गैरसमज आहेत. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा सहसा डिपेंडंट ठरत नाहीत, कारण त्यासाठी ते अमेरिका, कॅनडा किंवा मेक्सिकोचे रहिवासी असावे लागतात. त्यामुळे त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या किंवा व्हिजिटर इन्शुरन्सचा हप्ता या खात्यातून देऊ नका. ग्रीन कार्डवर तुमच्याजवळ राहणाऱ्या आणि तुम्हीच सांभाळत असलेल्या आई-बाबांचं वेगळं. तिथे सीपीएला (इथल्या सीएला) विचारून पुढे जा.

उलट गैरसमज सव्वीस वर्षांच्या आतल्या मुलांचा. मुलगी तुमच्या विम्यावर आहे, पण कमावते आणि तुमची डिपेंडंट नाही, तर तिचा खर्च तुमच्या खात्यातून करता येत नाही. पण ती स्वतःचं एचएसए उघडू शकते, आणि कुटुंबाच्या प्लॅनवर असल्यामुळे तिला पूर्ण ८,७५० ची मर्यादा मिळते. हे फार कमी घरांना माहीत आहे.

आता भारतातला खर्च. डिसेंबरात घरी गेलात आणि कोथरूडच्या दंतवैद्याकडे रूट कॅनाल, कॅप करून घेतली, तर तो खर्च पात्र आहे. उपचार कुठल्या देशात झाला याने फरक पडत नाही. पावतीवर पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, तारीख, काय केलं आणि किती रुपये, एवढं लिहून घ्या. त्या दिवसाचा डॉलरचा दर बाजूला पेनने लिहून ठेवा. औषधांचं मात्र उलट आहे. डॉक्टरने लिहून दिलेलं आणि दोन्ही देशांत कायदेशीर असलेलं औषध तिथे विकत घेऊन तिथेच घेतलं तर चालतं. बॅगेत घालून आणलेल्या वर्षभराच्या स्ट्रिप चालत नाहीत. घरी जाण्याचं विमानाचं तिकीटही अर्थातच नाही, मधे दात केला असला तरी.

पात्र नसलेल्या गोष्टीवर पैसे काढले तर आयकर अधिक २० टक्के दंड. वयाच्या ६५ नंतर दंड नाही, फक्त आयकर.

पायरी ५: बिल आलं की लगेच पैसे देऊ नका

एचएसएचं कार्ड हातात आलं की लोक काउंटरवरच ते पुढे करतात. थांबा. इथे बिल म्हणजे अंतिम रक्कम नव्हे.

आधी जाण्यापूर्वीचं. डॉक्टर इन-नेटवर्क, म्हणजे तुमच्या विम्याशी दराचा करार असलेला, आहे का, हे विमा कंपनीच्या साइटवर बघा आणि दवाखान्यात फोन करून प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारा. "तुम्ही अमुक इन्शुरन्स घेता का?" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. "या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये आहात का?" असं विचारा. एमआरआय, सीटी, रक्ततपासणी रुग्णालयातच करायला सांगितली तर "बाहेरच्या इमेजिंग सेंटरला चालेल का?" हा एक प्रश्न विचाराच. रुग्णालयाच्या दारात पाऊल टाकलं की फॅसिलिटी फी लागते, आणि तोच फोटो बाहेर खूप स्वस्त निघतो. २०२१ पासून रुग्णालयांना आपले दर जाहीर करणं बंधनकारक आहे, विमा कंपनीच्या साइटवरही अंदाज मिळतो. दहा मिनिटं द्या.

वार्षिक तपासणी, लसी, मॅमोग्राम, ४५ नंतरची कोलोनोस्कोपी या प्रतिबंधक गोष्टी इन-नेटवर्क असतील तर मोफत असतात, डिडक्टिबलची वाट न बघता. पण तपासणीच्या खोलीत "जाता जाता, डॉक्टर, गुडघाही दुखतोय" असं म्हटलंत की ती भेट दुहेरी होऊ शकते: एक मोफत आणि एक बिलाची. गुडघा दाखवायचाच असेल तर जरूर दाखवा, फक्त बिल येईल हे धरून चला. आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहेत, म्हणून हेही सांगतो: इन्सुलिन आणि साखरेच्या इतर गोळ्या, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची औषधं), रक्तदाबाची काही औषधं, एचबीएवनसी तपासणी, या गोष्टी एचएसएवाला प्लॅन डिडक्टिबलआधीही देऊ शकतो. आयआरएसने २०१९ पासून ती मुभा दिली आहे. तुमचा प्लॅन देतो का, ते औषधांच्या यादीत बघा.

भेट झाली. दवाखान्याला म्हणा, आधी विम्याला पाठवा. दोन-तीन आठवड्यांत विमा कंपनीकडून ईओबी (एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स) येईल. तो कागद बिल नसतो. दवाखान्याने किती मागितले, करारानुसार किती कमी झाले आणि तुमच्या वाट्याला किती आले, ते त्यावर असतं. मग दवाखान्याचं बिल येईल. दोन्हींतला "तुमचा वाटा" जुळला तरच पैसे द्या. जुळत नसेल तर आयटमाइज्ड बिल मागा, ज्यात प्रत्येक गोष्टीचा कोड आणि दर असतो. बायकोच्या ऑपरेशनच्या बिलात एकच तपासणी दोनदा लावलेली होती. मी कोड शेजारी शेजारी लिहून फोन केला आणि तीन आठवड्यांनी ती रक्कम निघाली. फोन केला की तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि रेफरन्स नंबर लिहायची सवय लावा. दुसऱ्या फोनला तुमचा आवाजच बदलतो.

१ जानेवारी २०२२ पासून नो सरप्राइजेस कायदा आहे. इमर्जन्सीत कुठल्याही रुग्णालयात गेलात, किंवा इन-नेटवर्क रुग्णालयात भूल देणारा डॉक्टर बाहेरचा निघाला, तर तो तुमच्याकडून नेटवर्कबाहेरच्या दराचा फरक मागू शकत नाही. रस्त्यावरची अॅम्ब्युलन्स यात येत नाही. तरीही छातीत दुखत असेल तर ९११ लावा, गाडी काढत बसू नका.

रक्कम बरोबर आहे पण झेपत नाही, असं असेल तर क्रेडिट कार्डवर टाकू नका. बिलिंग विभागाला बिनव्याजी हप्ते मागा, बहुतेक ठिकाणी देतात. ना-नफा रुग्णालयांना फेडरल करसवलत टिकवायची तर आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, आणि पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज करता येतो. आपल्या माणसांना मदतीचा अर्ज करायचा संकोच वाटतो. नोकरी गेलेली असताना तो बाळगू नका, तो अर्ज अशाच वेळेसाठी आहे.

औषधांच्या बाबतीत गुडआरएक्स (औषधांची कूपनं देणारी साइट) किंवा कॉस्ट प्लस ड्रग्ज (ऑनलाइन औषधालय) यांचा दर विम्याच्या दरापेक्षा कमी निघतो का, ते बघा. मात्र विम्याबाहेर दिलेले पैसे सहसा डिडक्टिबलमध्ये मोजले जात नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर विम्यातूनच जा.

पायरी ६: पावत्या ठेवा, पैसे वाढू द्या

एचएसएची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे खर्चाची भरपाई कधी घ्यायची याला मुदत नाही. खातं उघडल्यानंतर झालेला खर्च आज खिशातून केलात, पावती जपलीत, तर ते पैसे दहा किंवा वीस वर्षांनी करमुक्त काढता येतात. तोवर ते आत गुंतलेले राहतात. समजा वर्षाला ५,००० डॉलर आणि सरासरी ६ टक्के वाढ धरली, तर वीस वर्षांत सुमारे १,८४,००० होतात. बाजार दर वर्षी असा सरळ चालत नाही, पण दिशा कळते.

मी असं करतो: एका वर्षाच्या डिडक्टिबलएवढी रोख, त्यावरचं सगळं कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात. वर्षाचं एक फोल्डर, त्यात प्रत्येक पावतीचा फोटो आणि ईओबी, आणि एक साधं स्प्रेडशीट: तारीख, कोणाचा खर्च, कुठे, किती, परत घेतले की नाही. शेवटचा रकाना विसरू नका, एकाच पावतीवर दोनदा पैसे काढले तर ते तुमच्याच अंगावर येईल. खिशातून खर्च करणं झेपत नसेल तर खुशाल कार्ड वापरा. खातं त्यासाठीच आहे, आणि गुंतवणुकीच्या हव्यासापायी दवाखाना टाळणं म्हणजे पुन्हा तीच शुक्रवारची रात्र.

रिटर्न भरताना फॉर्म ८८८९ जोडा. डब्ल्यू-टूच्या, म्हणजे कंपनीने दिलेल्या पगाराच्या वार्षिक कागदाच्या, बारा नंबरच्या रकान्यात "डब्ल्यू" कोडसमोर जी रक्कम दिसते, ती कंपनीचे आणि तुमच्या पगारातून गेलेले मिळून असते आणि तिच्यावरचा कर आधीच सुटलेला असतो. ती पुन्हा वजावट म्हणून घेऊ नका. ही चूक दर वर्षी कोणी ना कोणी करतंच.

पायरी ७: नोकरी गेली, भारतात परत जायचं ठरलं

खातं तुमचं आहे, कंपनीचं नाही. नोकरी गेली तरी त्यातले पैसे राहतात, वर्षअखेरीस बुडत नाहीत. नोकरी गेल्यावर एच-वन-बीवाल्यांना नवी शोधायला मिळणाऱ्या ६० दिवसांच्या मुदतीत विम्याची चिंता मोठी असते. कोब्रा निवडायलाही निदान ६० दिवस मिळतात, आणि तो निवडून हप्ते भरले की मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणून कागद हातात ठेवा, तारीख लिहून ठेवा, आणि मधे काही झालं तर तेव्हा घ्या.

कायमचं परत जायचं असेल तर निघण्याच्या वर्षभर आधीपासून तयारी करा. जपलेल्या पावत्यांचे पैसे अमेरिकेत असतानाच काढून घ्या. तिथे ते करमुक्त आहेत आणि हिशोब मिटतो. बऱ्याच कंपन्यांना परदेशी पत्त्यावरची खाती चालत नाहीत, म्हणून आपल्या खात्याचं काय होईल ते आधी विचारा. उरलेल्या पैशांतून भारतातल्या उपचारांचा खर्चही अमेरिकी करनियमांनुसार पात्रच राहतो. पण भारतीय करकायद्यात अशा खात्याला वेगळं स्थान नाही. परतल्यावर सुरुवातीचा आरएनओआरचा, म्हणजे परतलेल्यांसाठीच्या मधल्या करदर्जाचा, काळ संपून तुम्ही पूर्ण रहिवासी झालात की हे खातं रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावं लागतं. इकडचा सीपीए आणि तिकडचा सीए, दोघांशी एकाच आठवड्यात बोला.

शेवटचं एक काम पाच मिनिटांचं आहे आणि निम्म्या घरांत राहून गेलेलं असतं. खात्यात लॉगिन करून बेनिफिशिअरीच्या (वारसाच्या) जागी जोडीदाराचं नाव घाला. जोडीदाराकडे ते एचएसए म्हणूनच जातं, सगळ्या सवलतींसह. दुसऱ्या कोणाच्या नावे गेलं तर खातं तिथेच संपतं आणि सगळी रक्कम त्या वर्षी त्यांच्या उत्पन्नात धरली जाते. नाव घातलंत की पावत्यांचं फोल्डर आणि पासवर्ड कुठे आहेत, तेही त्याच संध्याकाळी दाखवून ठेवा.